वहिनी चुकत नव्हती

प्रशांतचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या भाजीबाजारात मेथीची जुडी बघत उभी होते. "आत्या, आई गेली," एवढंच म्हणाला तो. आणि मी काय विचारावं? "शेजारपाजारचं कुणी आलंय का वर?" माझ्या तोंडून पहिलं निघालं ते हे. भाजीवाली हातातली जुडी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. प्रशांत म्हणाला, "न्हाई आत्या, अजून कुणी न्हाई. दार लावलेलं हाय." आणि मला हायसं वाटलं. जिनं मला आईच्या मागं वाढवलं, वेण्या घातल्या, गळा दिला, ती माझी एकुलती एक वहिनी गेली होती, आणि मला हायसं वाटत होतं की दार लावलेलं आहे… ह्याला आता काही आठवडे झाले. नांदेडला दादाच्या शेजारी तिला माती देऊन आलो. चर्चमध्ये स्मरणाची उपासना झाली, मीही उठून चार शब्द बोलले. बोलले ते सगळं खरंच होतं. पण जे बोलायला पाहिजे होतं तेवढं सोडून बाकीचं बोलले. लोकांनी डोळे पुसले, बाहेर आल्यावर माझा हात धरून "किती छान बोललात" म्हणाले, आणि मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एस्तेर तिचं नाव. नांदेडच्या मंडळीत लहानथोर सगळे तिला अक्का म्हणायचे, कारण ती देगलूरची आणि तिकडं थोरल्या बहिणीला अक्काच म्हणतात. मी मात्र वहिनी म्हणायची, कारण मी नणंद. नणंदेनं कशी वागणूक द्यावी ह्याचं शिक्षण मला शेजारच्या बायकांनी आधीच देऊन ठेवलं होतं, पण त्याचा काही उपयोग झाला नाही. महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची गोष्ट. आमची आई वर्षभरापूर्वी वारलेली, मी दुसरीत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी ही नवी नवरी चुलीपाशी न जाता मला विचारते, "विमल, चर्चची पेटी कुठं ठेवतात गं?" मी तिला हाताला धरून नेलं. पेटीचा भाता उंदरांनी खाल्लेला. तिनं दादाला सायकलचं पंक्चर काढायचं सामान आणायला लावलं, हळदीच्या हातानं भात्याला ठिगळं लावली आणि वाजवून बघितलं. दादा गिरणीत फिटर होता, पण भात्याचं काम काही त्याला करू दिलं नाही तिनं. त्या रविवारपासून नांदेडच्या चर्चची गायन मंडळी तिच्या ताब्यात आली, ती सून म्हणून थकून बसेपर्यंत… नाही, सासू म्हणून थकून बसेपर्यंत.

गाणं तिला वडिलांकडून आलेलं. ते देगलूरला निजामाच्या काळात गायन मंडळी चालवायचे. देगलूर म्हणजे एका पायरीवर तेलुगू, दुसरीवर कन्नड, घरात मराठी आणि कचेरीत उर्दू. उपासनेतही तसंच. साध्या रविवारी तेलुगू आणि मराठी, आणि नाताळला, तहसीलदार वगैरे मंडळी पुढच्या रांगेत येऊन बसायची म्हणून, दोन गाणी उर्दूतली. वहिनी सात-आठ वर्षांची असताना पोलीस ॲक्शन झाली, निजाम गेला. त्या नाताळच्या सरावाला वडिलांनी उर्दू गाणी घेतलीच नाहीत. हिनं विचारलं, "का?" तर म्हणाले, "आता नको." "कुणी नको म्हणलं?" "म्हणायची वाट कशाला बघायची?" हे सांगताना वहिनी वडिलांसारखा चेहरा करायची, डोक्यावर नसलेली पगडी नीट करायची, आणि आम्ही पोरी हसायचो. पण ती त्यांना भित्रे मात्र कधी म्हणाली नाही. त्या दिवसांत उर्दू बोलणाऱ्या शेजारच्या घरांवर काय वेळ आली होती ते तिनं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. "भ्यायले होते बाबा," एवढंच म्हणायची. "पण गाण्यानं काय केलं होतं?"

नांदेडला तिनं पुन्हा तेच बघितलं, आणि ह्या वेळी वाट न बघणारे माझेच बाबा होते. आमच्या मंडळीत रेल्वेतली तेलुगू कुटुंबं बरीच होती, त्यांच्यासाठी दर रविवारी एक तेलुगू गीत व्हायचं. राज्य मराठी झालं आणि पंचांच्या बैठकीत बाबांनी मांडलं की आता उपासना सगळी मराठीत असावी. कुणी मागणी केली नव्हती. पाळकसाहेबांनाही नवल वाटलं. पण कुणीतरी उद्या बोट दाखवील, त्यापेक्षा आपण आजच नीट वागावं, असा बाबांचा हिशेब, आणि ठराव झाला. रेल्वेची कुटुंबं हळूहळू आपापल्या घरी जमायला लागली, मग त्यांनी वेगळी मंडळीच केली. आमचा मंद्र सप्तकातला निम्मा आवाज त्यांच्याबरोबर निघून गेला. वहिनी सासऱ्यांना उलटून बोलली नाही. तिनं काय केलं, तर शनिवारच्या सरावाला सुरुवातीचा अर्धा तास "गळा मोकळा करायला" म्हणून तेलुगू गाणी घ्यायला लागली. बाबा एकदा आत डोकावले, ऐकलं, आणि म्हणाले, "सूनबाई, हे काय?" तर म्हणाली, "मामंजी, उपासनेत कुठं गातोय? हे म्हणजे आपलं सा-रे-ग-म." बाबा परत फिरले. आम्ही दोन पिढ्या पोरं-पोरी तेलुगूत गळा मोकळा करत वाढलो, एका अक्षराचा अर्थ न कळता.

शिकवायची तिची पद्धत अशी की कागद नाही, स्वरलिपी नाही. सतरंजीवर गोल करून बसायचं, तिनं म्हणायचं, आपण म्हणायचं. चुकलं की ती ओरडायची नाही, टिपरी मारायची नाही. हाताचा पंजा उभा करायची आणि म्हणायची, "तप्पु." म्हणजे तेलुगूत, चूक. ती तसं म्हणाली की गाणं थांबलं, आणि पुन्हा पहिल्या शब्दापासून. मधूनच धरायचं नाही. शेवटच्या ओळीला चुकलात तरी पहिल्यापासून. शमुवेलकाका म्हणून एक पोस्टमन होते, जाडजूड आवाजाचे, ते एकाच जागी हमखास चुकायचे. सगळ्या मंडळीला त्यांच्यापायी तेच गाणं पंधरा-पंधरा वेळा म्हणावं लागायचं. ते चिडून म्हणायचे, "अक्का, तुम्ही आम्हाला जन्मभर पहिल्याच कडव्यात ठेवनार बगा." ती म्हणायची, "ऱ्हावा की. पहिलं कडवं काय वाईट हाय?" पण तिचं एक होतं. तिला स्वतःला शंका आली की ती आपणहून थांबायची, आमच्याकडे बघायची आणि विचारायची, "तप्पा?" चुकलं का माझं? एवढ्याशा पोरासोरांना विचारायची. आणि कुणी हो म्हणालं, तर खरोखर पहिल्यापासून घ्यायची. आम्हाला किती मोठं झाल्यासारखं वाटायचं त्यानं.

ईस्टरची प्रभातफेरी हे तिच्या मंडळीचं वैभव. उजाडायच्या आधी चर्चमधून निघायचं, गात गात गावातून जायचं आणि कब्रस्तानात सूर्य उगवताना शेवटचं गीत म्हणायचं. हारवाल्यांच्या गल्लीतून जाताना लोक दारात उभे राहायचे, कुणी चहा द्यायचं. तीही बंद झाली. आणि ह्या वेळी ठराव मांडणारे आमच्या पिढीचे लोक होते, मीही त्या बैठकीत होते. वातावरण बरं नाही, म्हणालो आम्ही. मोबाईलवर काय काय येतंय. आम्हा ख्रिस्ती लोकांत पूर्वापार एकमेकांना सलाम म्हणायची रीत, तीही त्याच सुमारास सोडली, नमस्कार म्हणायला लागलो. वहिनी तेव्हा सत्तरी ओलांडून गेलेली, काठी टेकत बैठकीला आली. "कुणी नको म्हणलं?" तिनं विचारलं. कुणीच म्हटलं नव्हतं. "मंग?" आम्ही ठराव लिहून घेतला. मग पाळकसाहेब पोलीस ठाण्यात सांगायला गेले की यंदा फेरी नाही, तर तिथला फौजदार म्हणाला, "का हो साहेब? मी तर दोन शिपाई लावून ठेवले होते." हे ऐकून वहिनी बराच वेळ हसली. नंतर म्हणाली, "विमल, तुम्ही लोक माझ्या बाबांपेक्षा पुढं गेलात." मी हसण्यावारी नेलं. पुढच्या वर्षीही फेरी निघाली नाही, आणि मग कुणी विषयच काढला नाही.

दादा गेल्यावर प्रशांत तिला लातूरला घेऊन आला. त्याचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर; तिच्यामागून मीही नांदेड सोडून दोन गल्ल्या पलीकडे येऊन राहिले. मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, एकटी, मला रिकामा वेळच वेळ. सुरुवातीला आम्ही दोघी मजेत होतो. मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी माणसांची नावं गेली, मग लातूर गेलं, मग हळूहळू मराठीच गळून पडली. प्रशांतशी ती देगलूरच्या तेलुगूत बोलायची आणि तो बिचारा "हाव आई, हाव" करत राहायचा. गाणी मात्र एकूण एक जागेवर. जेवण झालं की ती गॅलरीत खुर्चीवर जाऊन बसायची आणि गायला लागायची. एकामागून एक, बहुतेक सरावातली तेलुगू गाणी, सगळी कडवी, पूर्ण आवाजात. काय आवाज होता सांगू… शरीराचं चिपाड झालेलं, पण सूर सरळ, कुठं थरथर नाही. खालच्या रस्त्यावरून ऐकू यायचा.

आणि आम्ही घाबरलो. उगाच नाही घाबरलो, हेही सांगते. शहरातल्याच दुसऱ्या एका वसाहतीत कुणाच्या तरी घरी प्रार्थना चालली होती, तिथं माणसं जमली, "काय चालवलंय" म्हणून जाब विचारला, कुणी व्हिडिओ काढला, तो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. मारहाण झाली नाही, पण त्या घरातल्या पोरीचा रडका चेहरा सगळ्या लातूरनं बघितला. प्रशांतच्या बायकोनं, शीतलनं, दारावरच्या पाटीवरचा क्रूस दुसऱ्याच दिवशी खरवडून काढला. तिला मी दोष देत नाही, तिची मुलं शाळेत जातात. ती मला म्हणाली, "आत्या, आईंना दुपारचं जरा आवरा तुम्ही. त्या तुमचं ऐकतात." इमारतीतलं कुणी एक अक्षर बोललेलं नव्हतं. मी विचारलंही नाही, कुणी नको म्हणलं म्हणून. मी म्हणाले, "आवरते."

मी गॅलरीचं दार लावलं, तर ती आतल्या पलंगावर बसून गायली. टीव्हीचा आवाज वाढवला, तर तिनंही वाढवला. मग मी ओठांवर बोट ठेवलं. ती थांबली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "तप्पा?" मी नाही म्हणून मान हलवली आणि पुन्हा बोट ठेवलं. पण तिच्या हिशेबानं गायकाला थांबवायचं कारण एकच असतं. तिनं पहिल्यापासून घेतलं, जास्त मन लावून, एकेक शब्द घासून-पुसून. मी पुन्हा थांबवलं. पुन्हा "तप्पा?" पुन्हा पहिल्यापासून. असं दुपारभर. शेवटी माझा जीव कावला. खाली कुणाची तरी गाडी येऊन थांबली होती, पुरुषांचे आवाज येत होते, आणि माझ्या तोंडून गेलं, "हाव वहिनी. तप्पु." आणि हाताचा पंजा उभा केला, अगदी तिच्यासारखा.

ती गप्प झाली. एकदम गप्प. कपाळाला आठ्या घालून बसली, ओठ हलायला लागले, आवाज नाही. कुठं चुकलं ते मनातल्या मनात शोधत होती. खाली आलेली माणसं कुणाचं तरी फर्निचर घेऊन आली होती. मला तेव्हा काय वाटलं असेल? मला बरं वाटलं, उपाय सापडला म्हणून. संध्याकाळी प्रशांत आला तर मी त्याला सांगितलं, "जमलं बघ. ओरडायला नको, काही नको, नुसतं तप्पु म्हणायचं." त्यानंही तसंच करायला सुरुवात केली, शीतलनंही. घरातली पोरंही म्हणायला लागली. जिनं पन्नास-साठ वर्षं अख्ख्या नांदेडला सूर दिला, तिला आम्ही सगळे मिळून दिवसातून दहा वेळा सांगत होतो की तुझं चुकतंय. आणि ती विश्वास ठेवत होती. तिच्या मंडळीत मुद्दाम खोटं "तप्पु" आजवर कुणी म्हटलंच नव्हतं, मग तिनं विश्वास का ठेवू नये? आधी ती मनात घोळवून पुन्हा सुरू करायची. मग सुरू करायला वेळ लागायला लागला. मग पहिला शब्द म्हणून थांबायची आणि माझ्याकडे बघायची. मग तेही बंद झालं. डॉक्टर म्हणाले, आजार पुढं सरकतोय, असंच होत जातं. प्रशांतला ते पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं… पण वहिनी चुकत नव्हती. एकाही जागी चुकत नव्हती. त्या गाण्यांवर माझाही गळा मोकळा झालेला आहे, मला ठाऊक आहे.

शेवटच्या आठवड्यात ती पलंगावरून उठत नव्हती. त्या रविवारी प्रशांत-शीतल मुलांना घेऊन उपासनेला गेले, मी एकटीच तिच्यापाशी होते. मला राहवेना. मी तिचा हात हातात घेतला आणि तिचंच एक गाणं, सरावाला पहिलं घ्यायची ते, हळू आवाजात सुरू केलं. म्हटलं, ऐकून तरी तिला उचलावंसं वाटेल. मी चुकले म्हणून का होईना, मला पंजा तरी दाखवील. तिनं डोळे उघडले. ऐकत होती, ओळखलं होतं तिनं, चेहऱ्यावर दिसत होतं. मी दुसऱ्या ओळीवर गेले तशी तिनं माझ्या हातातून हात सोडवून घेतला, मोठ्या कष्टानं वर आणला आणि बोट माझ्या ओठांवर ठेवलं. मग मान वळवून गॅलरीच्या दाराकडे बघितलं, लागलेलं आहे का म्हणून… आयुष्यभर जिला भ्यायला जमलं नाही, तिला मी शेवटी भ्यायला शिकवलं. बाबांना जमलं नाही, तिच्या वडिलांना जमलं नाही, ते काम मी केलं.

मातीचं सगळं आटोपून आम्ही नांदेडहून परत आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या महादेवीबाई भेटायला आल्या. लिंगायत आहेत, मूळच्या उदगीरकडच्या, नवऱ्याचं किराण्याचं दुकान आहे आणि त्या घरी शिवणकाम करतात. इतक्या महिन्यांत जिन्यात हसण्यापलीकडे आमची ओळख नव्हती, आम्हीच होऊ दिली नव्हती. चहा घेताना म्हणाल्या, "आजीचं गाणं बंद झालं तवा मला वाटलं गावाकडं गेल्या. पहिलं पहिलं मला राग यायचा बगा, दुपारची झोप मोडायची. मंग सवय लागली. त्या लागल्या की मी मशीन थांबवायचे. मशीनच्या आवाजात ऐकू येत न्हाई ना. तेलुगू थोडं थोडं कळायचं बी मला, माझी आजी देगलूरच्या बाजूचीच." मग कप खाली ठेवून विचारलं, "का बंद केलं वो त्यांनी?" शीतल स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "विसरल्या त्या. आजारानं शेवटी शेवटी विसरल्या." महादेवीबाई हळहळल्या. म्हणाल्या, "अरारा. एवढं येत हुतं की." तेव्हाही मी तिलाच चुकीचं ठरवलं, आणि आता ऐकायला ती खोलीतसुद्धा नव्हती.

त्या गेल्यावर मी गॅलरीचं दार उघडलं. कडी घट्ट बसली होती. वहिनीची खुर्ची तिथंच होती, तिच्यावर बसले. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. खालून महादेवीबाईंच्या मशीनचा आवाज येत होता. मी पहिल्या शब्दापासून घेतलं. मला मोठ्यानं गायचं होतं, रस्त्यावर ऐकू जाईल असं, पण आवाज निघाला तो घशातल्या घशात. पहिली ओळ कशीबशी झाली. खाली मशीन थांबली.

मी दुसरी ओळ घ्यायला तोंड उघडलं. शब्द आठवत होते, चालही आठवत होती. खालच्या रस्त्यानं कुणी जातंय का म्हणून मी वाकून बघितलं… कुणी नव्हतं. तरी मला गाता आलं नाही. महादेवीबाईंनी बरीच वाट बघितली असावी. मग मशीन पुन्हा सुरू झाली.